अपुरा नरक

वडील नरकापर्यंत आले की बन्सी कढईत हरभरे टाकायचा. त्या मंगळवारी त्याने टाकले नाहीत.

टाकळीच्या बाजारात दोघांच्या जागा ठरलेल्या होत्या. ग्रामपंचायतीच्या भिंतीला लागून बन्सी परदेशीची फुटाण्यांची भट्टी आणि तिच्या डाव्या हाताला, लिंबाच्या सावलीत, माझ्या वडिलांची पेटी. वडील मिशनचे सुवार्तिक होते. गाव त्यांना मास्तर म्हणे. दर मंगळवारी ते पेटीवर दोन भजनं म्हणत, माणसं जमली की पेटी मिटत आणि उभे राहून बोलत. बोलण्याचा क्रम कधी बदलला नाही. आधी माणसाचं पाप, मग नरक, मग तारण. पापाला गर्दी थांबायची, कारण उदाहरणं गावातलीच असत, फक्त नावं गाळलेली. नरक सुरू झाला की बन्सी तापलेल्या वाळूत शेरभर हरभरे ओतून झारा फिरवू लागे. तडतडाट असा व्हायचा की वडिलांचा नुसता जबडा हलताना दिसे. हरभरे फुटून शांत होईपर्यंत वडील तारणावर पोहोचलेले असत आणि गर्दी गरम फुटाण्यांकडे वळलेली असे.

भांडण नव्हतं. वडील त्याच्याकडूनच फुटाणे घेत. बाजार पांगल्यावर बन्सी विचारायचा, “मास्तर, तिकडं भट्टीला जळण काय वापरतात? भुसा का लाकूड?” वडील म्हणत, गेल्यावर कळेल. “मग काम मिळंल म्हणा मला तिथं,” तो म्हणायचा. “अनुभव हाय.”

त्या सुमारास बन्सीची बायको वारली होती आणि भट्टी तीन-चार बाजार बंद होती. शेजारी सुतक म्हणून वडीलही तेवढे मंगळवार पेटी घेऊन गेले नव्हते. तो मंगळवार त्याचा पहिलाच. भट्टी पेटवलेली होती, वाळू तापत होती, पण तो चुरमुऱ्यांच्या पोत्याशी, एक हात हरभऱ्यांच्या टोपलीत ठेवून, नुसता बसला होता. वडील नरकाशी आले, सवयीने त्यांनी आवाज चढवला आणि समोरून काहीच आवाज आला नाही. मी तेव्हा नगरच्या एका दैनिकात वार्ताहर होतो, मंगळवारी माझी सुट्टी असे. लिंबाखाली उभा राहून मी ऐकलं. सव्वीस वर्षांत पहिल्यांदाच नरक पूर्ण झाला. सवय नसल्यामुळे तो जरा लांबलाही.

घरी येताना पेटी वडिलांनी स्वतः उचलली. ते खुशीत असले की पेटी माझ्याकडे देत नसत.

संध्याकाळी बन्सी दारात आला. आत या म्हटलं तरी उंबऱ्याशीच उभा राहिला. हातात चुरमुऱ्यांची पुडी होती. ती माझ्या हातावर ठेवून त्याने विचारलं, “मास्तर, तुमच्यात पुरतात ना?”

“हो.”

“सगळ्यांना?”

“सगळ्यांना.”

“मग मला घ्या तुमच्यात.”

वडिलांनी हातातला कप खाली ठेवला. ते इस्टरनंतर निवृत्त होणार होते. मिशनच्या वार्षिक अहवालात ‘नवे विश्वासी’ असा एक रकाना असायचा आणि टाकळीच्या नावापुढे तो कायम कोरा जायचा. आई होती तोवर ती म्हणायची, तुम्ही फुटाणे विकले असते तर एव्हाना सगळं गाव आपलं गिऱ्हाईक असतं. वडील त्यावर हसत. पण तो कोरा रकाना त्यांना लागायचा. निवृत्तीपूर्वी एक तरी माणूस यावा, असं त्यांनी मला एकदाच सांगितलं होतं आणि लगेच विषय बदलला होता.

त्यांनी बन्सीला विचारलं, तुझ्या मनाला नेमकं काय लागलं.

“मनाला नाय, मास्तर. अंगाला. चाळीस वर्षं भट्टीपुढं बसलोय. धग पुरे झाली. मेल्यावर आगीत घालू नका, एवढंच.”

“आणि येशूचं काय?”

बन्सीने थोडा विचार केला. “त्यांची काय हरकत असणार?”

मी हसलो. वडिलांनी माझ्याकडे पाहिलं, तेव्हा चुरमुरे खाऊ लागलो.

आमचे पाळकसाहेब, रेव्हरंड गोर्डे, तालुक्याला राहत आणि स्कूटरवरून चार गावं सांभाळत. त्यांनी त्या वर्षी ‘एकाने एक’ नावाची मोहीम काढली होती. प्रत्येक विश्वासणाऱ्याने वर्षभरात एक नवा माणूस प्रभूकडे आणायचा. मंडळी ‘आमेन’ म्हणाली होती आणि घरी गेली होती. कोणीही कोणाला आणलं नव्हतं. खुद्द गोर्डेसाहेबांनीही नाही. त्यामुळे बन्सीची बातमी कळताच ते दुसऱ्याच दिवशी आले आणि स्कूटर स्टँडवर लावण्याआधीच ‘हालेलूया’ म्हणाले. झावळ्यांच्या रविवारी, म्हणजे इस्टरच्या आदल्या रविवारी, उपासनेला वरच्या कौन्सिलचे पाहुणे येणार होते. बाप्तिस्मा त्याच दिवशी उरकायचा, असं त्यांनी ठरवूनही टाकलं.

वडिलांनी त्यांना खरं कारण सांगितलं. गोर्डेसाहेबांवर काही परिणाम झाला नाही.

“मास्तर, आपल्यात कोण कशासाठी आलं हे काढत बसलो तर देऊळ रिकामं होईल. तुमचे आजोबा कशासाठी आले?”

“बुटांसाठी,” वडील म्हणाले. “मिशनच्या शाळेत बूट मिळत.”

“मग? विश्वास मागाहून आलाच ना?”

“बूट फाटल्यावर आला.”

“तसाच याचाही येईल.”

“याचं काम मेल्यावर आहे, साहेब. मागाहून यायला जागा नाही.”

गोर्डेसाहेब म्हणाले की जागा प्रभू करतो. मग त्यांनी नव्या नावाचा विषय काढला. बन्सीचं ‘बेंजामिन’ करावं, निदान पहिलं अक्षर तेच राहतं. जाताना मला त्यांनी सांगितलं की तुमच्या पेपरात फोटोसह येऊ द्या. मी आमच्या संपादकांना फोन केला. ते म्हणाले, वार्ता असेल तर आण, सुवार्ता आपण छापत नाही.

मी शुक्रवारपासून रजा टाकली. बन्सीला प्रश्नोत्तरं शिकवायचं काम वडिलांनी माझ्यावर सोपवलं. स्वतः का शिकवत नाहीत असं विचारलं तर म्हणाले, मी शिकवलं तर मला खरं वाटायला लागेल.

शिकवणी भट्टीशेजारी चाले. भट्टी विझलेलीच होती. विकायला बन्सी तालुक्याहून तयार फुटाणे आणायचा. स्वतः भाजत का नाही असं विचारल्यावर त्याने वाळू संपलीय म्हणून सांगितलं. नदी तिथून हाकेच्या अंतरावर होती, पण मी पुढे विचारलं नाही. प्रश्नोत्तरांत तो हुशार होता, फक्त शब्दांची अडचण यायची.

“तुझं तारण कोणी केलं?” मी विचारलं.

“पतपेढीनं. बायकोच्या पाटल्या तिथंच हाईत.”

“ते तारण नाही.”

“मग दुसरं काही आपल्याकडं नाय ठेवायला.”

नवं नाव त्याला पसंत नव्हतं. बेंजामिन तो ‘बिनजामीन’ म्हणायचा आणि मग स्वतःच म्हणायचा, बिनजामिनाचा माणूस कोणाला चालतो, पेपरवाले? मी म्हटलं, तिकडे चालत असावा. हे उत्तर त्याला मनापासून आवडलं. त्याने ते दोनदा माझ्याकडून म्हणून घेतलं.

शनिवारी दुपारी त्याचा मुलगा कैलास मला रस्त्यात भेटला. त्याचं सायकलचं दुकान होतं, आम्ही शाळेत एका बाकावर बसलेलो. हातातला पाना त्याने खिशात घातला नव्हता. त्याने शांतपणे सांगितलं की बापाला उद्या काय पाणी लावायचं ते लावा. “बिंजामीन करा, नायतर सायबाचा सायब करा. मेल्यावर ताबा माझा. तुम्ही पाणी टाका, मी रॉकेल टाकीन. जाळल्याशिवाय राहणार नाय. भाऊबंदांत मला तोंड दाखवायचंय.”

मी घरी येऊन वडिलांना हे जसंच्या तसं सांगितलं. त्यांनी विचारलं, रॉकेल म्हणाला का? हो म्हटल्यावर ते उठून मागच्या दारी गेले आणि बराच वेळ तिथेच उभे राहिले.

झावळ्यांच्या रविवारी देऊळ भरलं होतं. लोकांच्या हातात शिंदीच्या झावळ्या होत्या, वेदीच्या मागे कापडी फलक होता आणि त्यावर रंगाऱ्याने ‘नवीन विश्वासी बेंजामिन परदेशी यांचे स्वागत’ असं लिहिलं होतं. कौन्सिलचे पाहुणे पुढच्या बाकावर होते. बाहेर, कुंपणाच्या पलीकडे, कैलास चार भाऊबंदांना घेऊन उभा होता. बन्सीने नवं धोतर नेसलं होतं आणि हजामत करून घेतली होती. पहिल्या ओळीत बसून तो छताकडे बघत होता.

गोर्डेसाहेबांनी त्याला पुढे बोलावलं आणि विचारलं, तुझा प्रभू येशू ख्रिस्तावर विश्वास आहे काय?

“हाय,” बन्सी म्हणाला. मग मी न शिकवलेलं एक वाक्य त्याने जोडलं. “मास्तर म्हणतात म्हंजे असणारच.”

लोक हसले. पाहुणेही हसले. गोर्डेसाहेबांनी ते उत्तर मान्य केलं.

आमच्या मंडळीत एक जुनी रीत होती. बाप्तिस्म्याच्या आधी पाळक मंडळीला विचारी, या माणसाच्या विश्वासाची साक्ष कोण देतो? मग ज्याने त्याला आणलं असेल त्याने उभं राहून ‘मी देतो’ म्हणायचं. हा प्रश्न टाकळीत इतक्या वर्षांत विचारला गेला नव्हता, त्यामुळे तरुण लोकांना तो माहीतही नव्हता. वडिलांना होता. सव्वीस वर्षं ते बाजारात, चावडीवर, एसटीच्या थांब्यावर साक्ष देत आले होते, आणि एकदाही कोणी मागितली नव्हती.

“या माणसाच्या विश्वासाची साक्ष कोण देतो?”

वडील उभे राहिले. “मला देता येत नाही,” ते म्हणाले आणि खाली बसले.

गोर्डेसाहेबांना वाटलं ऐकण्यात चूक झाली. त्यांनी प्रश्न पुन्हा विचारला. या वेळी वडील उठले नाहीत, बसूनच मान हलवली. गोर्डेसाहेबांच्या हातात पाण्याचं भांडं होतं. मग त्यांनी भांडं ठेवलं आणि एक लांब गीत सांगितलं.

बन्सी पहिल्या ओळीत परत गेला नाही. वडिलांच्या बाकापाशी येऊन थांबला. गीत चालू होतं, पण मला त्याचं बोलणं ऐकू आलं.

“सव्वीस वर्षं बोलावलंत, मास्तर. आलो तर दार लावलंत.”

तो निघून गेला. फाटकाशी कैलासने त्याला वाट दिली. त्या भाऊबंदांपैकी एक जण मोठ्याने म्हणाला, त्यांनीबी घेतला नाय. बाकीचे हसले. कैलास हसला नाही.

देवळापासून घर लांब नव्हतं, पण वडील सावकाश चालत होते. गोर्डेसाहेब त्यांना पाहुण्यांसमोर फार बोलले होते. मंडळीची अप्रतिष्ठा, मिशनचा विश्वासघात, असे शब्द वापरले होते. वडील मला म्हणाले, “आगीच्या भीतीने आलेल्या माणसाला मी विश्वासी कसा म्हणू? भीती वेगळी, विश्वास वेगळा.”

“पण पप्पा,” मी म्हटलं, “सव्वीस वर्षं तुम्ही आगीचीच भीती दाखवत होतात.”

ते चालायचे थांबले. मला वाटलं रागावतील. त्यांनी फक्त चष्मा काढून पुसला आणि पुन्हा लावला. मग घराकडे चालू लागले. दुपारी जेवले नाहीत.

संध्याकाळी संपादकांना फोन केला. बातमी काय, त्यांनी विचारलं. मी म्हटलं, एका माणसाचा बाप्तिस्मा झाला नाही. ते म्हणाले, न झालेल्याची बातमी होत नाही, आणि रजा संपव.

सोमवारी सकाळी वडील मला घेऊन बन्सीकडे गेले. शास्त्र, म्हणजे बायबल, बरोबर घेतलं नव्हतं. हात मोकळे ठेवून घराबाहेर पडलेले वडील मी प्रथमच पाहत होतो. बन्सी भट्टीजवळ होता, कैलासही तिथेच सायकलचं चाक सरळ करत बसला होता. आम्हाला पाहून दोघांपैकी कोणीही बसा म्हटलं नाही. वडील आपणहून एका पोत्यावर बसले.

“बन्सी, धगीचं कारण खोटं आहे,” ते म्हणाले. “धगीला कंटाळलेला माणूस मेल्यावरचा विचार करत नाही, आज भट्टी मोडतो. खरं काय ते सांग. मी शास्त्र आणलेलं नाही.”

बन्सीने कैलासकडे पाहिलं. कैलास चाकाकडेच बघत होता.

“आमच्या गयाला मसणात नेलं त्या दिवशी अवकाळी झाला होता,” बन्सी म्हणाला. “लाकडं सगळी ओली. कैलासला आच धरता येईना. धूर नुसता. भाऊबंद रॉकेल ओतायला लागले. मी म्हटलं सरका, माझी बायको हाय, आन आच कशी धरायची ते मला ठाऊक. मीच लाकडं मोकळी केली, वारा दिला. बांबूनं सारखं केलं. चांगली धरली आच. एकदम कामगिरी.” त्याने विझलेल्या भट्टीकडे पाहिलं. “मग डोकं फुटलं. आवाज झाला, मास्तर. फुटाण्याचाच. जरा मोठा, पण तोच. आता कढईत हरभरा टाकला की गयाच फुटती. त्या मंगळवारी तुमचा नरक चालला होता आन माझा हात हरभऱ्यात होता. टाकवला नाय.”

कैलासच्या हातातलं चाक थांबलं होतं. त्याने हे आधी ऐकलं नव्हतं, हे उघड होतं.

“माझ्या येळंला त्यो उभा असंल बांबू घेऊन,” बन्सीने मुलाकडे बोट केलं. “त्यानं तो आवाज ऐकू नये. माझं काय, मी तर मेलेला.”

वडिलांनी त्याला डोक्यापासून पायापर्यंत पाहिलं. मग त्यांनी विचारलं, “तुझी उंची किती?”

“का?”

“माझ्याएवढाच दिसतोस. देवळामागे मार्थाच्या, याच्या आईच्या, शेजारी माझी जागा राखून ठेवलेली आहे. तुला पुरेल.”

टाकळीची ख्रिस्ती दफनभूमी जेमतेम एका घराएवढी होती. ज्याची त्याची जागा ज्याला त्याला माहीत होती आणि मोकळी अशी एकही नव्हती. आईच्या उजव्या हाताची जागा वडिलांची, हे आम्ही सगळे लहानपणापासून धरून चाललो होतो. आई मेली त्या वर्षी वडिलांनी तिथे एक वीट उभी पुरून ठेवली होती.

“पाणी न लावता?” बन्सीने विचारलं.

“पाणी न लावता.”

“आन बिनजामीन?”

“बन्सीच.”

“मग काल घेतलं का नाय?”

“काल साक्ष मागत होते,” वडील म्हणाले. “ती माझ्याकडे नव्हती. जागा आहे.”

“आन तुम्ही कुठं जाणार?”

“माझं बघतील कोणीतरी.”

कैलासने चाक बाजूला ठेवलं. आता तो उठला, हात फडक्याला पुसले. त्याला बापाचं म्हणणं पटलं होतं, तोंडावर दिसत होतं, पण अडचण खरी होती. “मास्तर, किरिस्तावांच्यात पुरला तर लोक म्हणतील बाटला. मी काय सांगू?”

“सगळ्या मंडळीसमोर, कौन्सिलसमोर आणि तुझ्या भाऊबंदांसमोर मी त्याला घेतलेला नाही,” वडील म्हणाले. “बाटला असं कोण म्हणेल?”

कैलास त्यांच्याकडे पाहत राहिला. मग त्याला हसू आलं, ते त्याने आवरलं. “म्हंजे मास्तर, तुम्ही काल हे ठरवून?”

“नाही रे. मला एवढं सुचत नाही.”

हे खरं होतं की खोटं, मला आजही सांगता येणार नाही. मी नंतर दोनदा विचारलं. एकदा त्यांनी ऐकू न आल्यासारखं केलं आणि एकदा माझ्या लग्नाचा विषय काढला.

गोर्डेसाहेबांच्या कानावर हे गेलं तेव्हा ते स्कूटरवरून आले. ज्याचा विश्वास नाही त्याला पवित्र भूमीत पुरायचं हे शास्त्रात बसतं का, असं त्यांनी विचारलं. वडील म्हणाले, “शास्त्राचं माहीत नाही, साहेब. जागेत बसतो, मी बघितलंय.” त्या वर्षीही रकाना कोरा गेला. इस्टरनंतर वडील निवृत्त झाले. गोर्डेसाहेबांची पुढच्या वर्षी बदली झाली आणि त्यांच्या जागी आलेल्या पाळकांना टाकळीत कोणाची कबर कुठली हे समजायला बरीच वर्षं लागली.

निवृत्त झाल्यावरही वडील मंगळवारी पेटी घेऊन लिंबाखाली जात. पण क्रम बदलला. पाप झालं की ते थेट तारणावर येत. मधलं गाळत. माणसं म्हणायची, मास्तर थकले. बन्सी शेजारी बसून तालुक्याचे थंड फुटाणे विकायचा. एकदा मी असताना त्याने वडिलांना विचारलं, “मास्तर, नरक बंद केला काय?” वडील म्हणाले, “जळण महाग झालंय.” यावर तो पुष्कळ हसला.

बन्सी नवे पाळक आल्यानंतरच्या दिवाळीच्या अलीकडे गेला. कैलासने तोंडात तुळस आणि गंगाजल घातलं आणि चार भाऊबंदांसह त्याला देवळामागे आणलं. दोन भाऊबंद फाटकाबाहेरच थांबले, पण परत गेले नाहीत. वडिलांनी आपल्या हाताने वीट उपटून बाजूला ठेवली. सगळं झाल्यावर कैलासने त्यांना सांगितलं, काही म्हणायचं असंल तर म्हणा, मास्तर, आमची ना नाही. इतक्या वर्षांत बोला म्हणून त्यांना कोणी विनंती केली असेल तर ती त्या दिवशी. वडील म्हणाले, आता त्याला झोपू द्या.

वडील त्यानंतर पुष्कळ जगले. मी नगर सोडलं, दोन पेपर बदलले, शेवटी संपादकही झालो आणि सुवार्ता छापत नाही असं इतरांना सांगू लागलो. ते गेले तेव्हा मी टाकळीला पोहोचलो, आणि नवे पाळक मला दफनभूमीत घेऊन गेले. जागा नव्हती. आमच्यात जागा नसली की घरच्याच कोणाची तरी जुनी कबर उघडतात, हाडं फडक्यात बांधून तळाशी ठेवतात आणि वर नवा माणूस ठेवतात. पाळक म्हणाले, आईचीच उघडू. मी त्यांना वडिलांनी शेवटच्या आजारात सांगितलेलं सांगितलं. ‘तुझ्या आईची उघडू नका. तिने माझं पुष्कळ ऐकून घेतलंय. बन्सीची उघडा.’

पाळकांनी विचारलं, बन्सी हे आपले कोण? मी म्हटलं, घरचेच.

पण कैलासला विचारायला हवं होतं. तो आता साठीला आला होता, दुकान मुलगा बघत होता. मी त्याला सांगितलं तेव्हा त्याने खुंटीवरची टोपी काढून डोक्यावर घातली आणि माझ्याबरोबर निघाला. कबर उघडताना तो शेजारी उभा राहिला. बापाची हाडं त्याने स्वतःच्या उपरण्यात बांधली आणि खाली ठेवली. मग आम्ही वडिलांना वर ठेवलं. पाळकांनी प्रार्थना केली, मंडळीने गीत म्हटलं. माती द्यायची वेळ आली तेव्हा पहिली मूठ मी टाकायची अशी रीत आहे. मी कैलासला पुढे केलं.

त्याने मूठ भरली, खड्ड्यात वाकून बघितलं आणि मला म्हणाला, “मास्तरांना सांग, नरक राहिलाय तेवढा आता पुरा करा. बापाकडं कढई नाय.”